पडद्याआड पाटलाचं मरण

रामकिशन मास्तरांची अक्कलदाढ अकोल्यात उपटली गेली नसती, तर गोरेगावच्या राणीला मिशा फुटल्या नसत्या आणि मास्तरांची सरकारी नोकरी एका कागदावर लटकली नसती. पण दाढेला कोण समजावणार? ती ठणकायला लागली की माणूस आधी लवंग धरतो, मग हिंगोलीच्या हकिमाकडं जातो, चार दिवस कळ काढतो, आणि शेवटी बायकोच्या भावाकडं अकोल्याला जाऊन पडतो. तसे मास्तर जाऊन पडले. दाढ पहिल्याच दिवशी निघाली, पण गाल असा सुजला की तीन दिवस तोंड उघडेना. मेव्हणा म्हणाला, "घरात बसून काय करता दाजी? बोलपट पाहा. तिथं आपल्याला बोलावं लागत न्हाई, ते लोकच बोलतात."

अकोल्याच्या थेटरात त्या आठवड्यात वरणगावकर नावाच्या दिग्दर्शकाचे पहिले तीन बोलपट पाळीपाळीनं लावले होते. या वरणगावकरांचं पुढं फार नाव झालं, त्यांची तसबीर वर्तमानपत्रात यायला लागली. पण मास्तर त्यांच्या नंतरच्या बोलपटांचा विषय काढू देत नसत. "नंतर त्यांनी गाणी भरली," एवढंच म्हणत, आणि घरातलं कुणी दारूला लागावं तसा सुस्कारा सोडत. पहिल्या तिन्हींची गोष्टच निराळी. त्यांत नायक फारसा बोलतच नसे. बोलपट आणि बोलत नाही! बाकीचे दिग्दर्शक सुखदुःखाची घटका आली की नटाचं तोंड दाखवतात. वरणगावकर नेमके त्याच घटकेला तोंड सोडून भलतीकडं पाहायला लावत. खून झाला तर भिंतीवर नुसती सावली. म्हातारा गेला तर विझलेला दिवा. आणि पहिल्या बोलपटात नवरा सात वर्षांनी काळ्या पाण्यावरून घरी येतो, दारात उभा राहतो, बायको चुलीपुढून मान वर करते, आणि पडद्यावर काय दिसतं? तर चुलीवरचं दूध. दूध वर येतं, उतू जातं, निखाऱ्यांत सांडतं, आणि ते उतरवायला कुणी येत नाही. बस्स, एवढंच. मास्तर तिथं सुजलेल्या गालानं रडले, आणि सुजलेल्या गालानं रडणं किती अवघड असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं द्वारकाबाईंना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "अवो, पण त्या घरात फडकं नव्हतं का?"

"फडक्याचा काय संबंध?"

"दूध उतरवायला. काहून जाऊ दिलं तिनं?"

"अगं, ती नवऱ्याकडं पाहून राहिली होती! सात वर्षांनी!"

"पाहावं की. एका हातानं दूध उतरवावं, आन् पाहावं."

मास्तरांनी विषय तिथंच सोडला. कलेच्या बाबतीत घरात कुणाशी वाद घालायचा नाही, असं त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ठरवलं होतं.

आता गोरेगावात चैत्रात मारुतीची यात्रा भरे, आणि यात्रेत गावचं नाटक होई. नाटक दर साली एकच. सोनाजी अप्पांनी ते तरुणपणी लिहिलं होतं. त्यांनी त्याला कसलंसं लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं, ते अप्पांशिवाय कुणाला सांगता येत नसे. सगळा मुलूख त्याला 'पाटलाचं मरण' म्हणे. कारण संतराम पाटील त्यात राजा होत, प्रधान त्यांना विष देई आणि पाटील मरत. साधंसुधं मरण नव्हे. विष पोटात गेल्यावर पाटील ताडकन उभे राहत, मुकुट फेकत, प्रधानाला शाप देत, प्रजेला उपदेश करत, एकदा पडत, अर्धे उठत, राणीच्या डोक्यावर हात ठेवत आणि पुन्हा पडत. मग लोक 'वन्समोर' ओरडत, आणि पाटील उठून धोतर झटकून पहिल्यापासून मरत. एका साली तीनदा मेले. त्यांची आई पार्वतीबाई पुढच्या ओळीत घोंगडी टाकून अकरा वर्षं हे मरण पाहत आली होती. पहिल्या मरणाला ती ढसाढसा रडे, दुसऱ्याला शेजारणीशी बोले.

त्या साली, म्हणजे एकोणीसशे चाळीस साली, सोनाजी अप्पांचे गुडघे गेले. नाटक बसवायचं कुणी? मास्तर नऊ वर्षं विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवत होते, त्यामुळं पाठ त्यांनाच होतं. त्यांच्या गळ्यात काम पडलं. पडलं म्हणजे काय, त्यांनी मान पुढंच करून ठेवली होती.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. मास्तरांनी वरणगावकरांची रीत समजावून सांगितली. यंदा तोंडं दाखवायची नाहीत. पुढं पांढरा पडदा, मागं गॅसबत्ती, आणि पडद्यावर सावल्या. राजा मरताना भाषण नाही. राजा गप्प बसेल, मग दिवा विझेल, लोक समजून घेतील.

"आन् मी कुठं असतो?" संतराम पाटलांनी विचारलं.

"तुमी पडद्यामागं."

"तिथं काय करतो?"

"काहीच न्हाई. मरता."

"मंग मेलो हे लोकायला सांगतो कोण?"

"दिवा सांगतो ना, पाटील!"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि मारुतीकडं पाहिलं. किराणा दुकानदार नामाजी म्हणाला, "मास्तर, पडद्यामागं नाटक केलं तर लोकायनं काय पडदा पाहावा? त्याच्यापरीस लोकायलाच पडद्यामागं बसवा." हा नामाजी कशातलाही सल्ला देई. जनावरांचे रोग, लग्नाचे मुहूर्त, युरोपातली लढाई, सगळ्यांवर त्याच्याकडं काही ना काही तयार असे, आणि सल्ल्याबरोबर पुडी बांधून हातात देई.

बैठक मोडायच्या बेतात होती, पण वरणगावकरांच्या मदतीला धावली ती मुंजाजीची मिशी. मुंजाजी मेंढ्या राखणारा गडी, पण गळा असा नाजूक की राणीचं काम दर साली त्याचंच. यंदा तो कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. कनेरगाव नाक्याच्या पोरीशी त्याची सोयरीक जमली होती, आणि होणाऱ्या सासऱ्यानं बजावलं होतं की बाईचं सोंग घ्यायला मिशी काढलीस तर पोरगी देणार नाही. राणी नाही तर नाटक नाही.

"मुंजाजी, सावलीला मिशी दिसती का रे?" मास्तरांनी विचारलं.

मुंजाजीनं उन्हात उभं राहून आपली सावली पाहिली. पाराला टेकलेल्या सगळ्यांनी पाहिली. समोरून पाहता सावलीला मिशी नव्हती. "न्हाई की!" मुंजाजी ओरडला आणि तिथल्या तिथं राणीचं गाणं म्हणायला लागला. सगळ्यांच्या माना डोलल्या, आणि वरणगावकरांची कला गोरेगावात मंजूर झाली. मोठमोठ्या कला अशाच मंजूर होत असाव्यात, असं मास्तरांना नंतर बऱ्याचदा वाटलं.

पाटील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मास्तर त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाले, "पाटील, तोंड दाखवून कोनीबी रडवतं. तोंड न दाखवता रडवतो तो खरा नट." पाटलांनी यावर विचार केला. "बराबर हाय," ते म्हणाले, पण आवाजात काही दम नव्हता.

पडद्यासाठी मास्तरांची दोन आणि नामाजीची दोन धोतरं शिंप्याकडून जोडून घेतली. नामाजीच्या एका धोतरावर हळदीचा डाग होता, तो नेमका वरच्या कोपऱ्यात आला. मास्तर हळहळले. नामाजी म्हणाला, "राहू द्या, तो सूर्य."

आणि मग परवानगी. निजामाच्या राज्यात चार माणसं एका जागी बसवायची तर सरकारला कळवावं लागे, आणि नाटकात तर चारशे बसणार. मास्तर बैलगाडीनं हिंगोलीला गेले. पहिल्या खेपेला कळलं की अर्ज उर्दूत पाहिजे. दुसऱ्या खेपेला अर्ज उर्दूत होता, पण अमीनसाहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या खेपेला अमीनसाहेब होते, पण अख्ख्या नाटकाचा उर्दू तर्जुमा पाहिजे होता. चौथ्या खेपेला मास्तर तर्जुमा घेऊन उभे राहिले. अमीनसाहेब म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार. माणूस सभ्य, दाढी मेंदीनं रंगवलेली, समोर पानाचा डबा. त्यांनी खून, विष, शाप सगळं शांतपणे वाचलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"मास्टर, ये क्या लिखा? 'राजा खामोश बैठा रहता है।' कितनी देर?"

"जी, पाँच-सात मिनट."

"कायकू?"

"जी, दुख से."

"दुख है तो बोलना नहीं? रोना, चिल्लाना, कुछ तो करना. खामोश कायकू बैठना?"

मास्तरांनी वरणगावकरांची रीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांची हिंदी दुधापर्यंत आली आणि तिथं अडली. अमीनसाहेबांच्या कपाळावर आठ्या वाढत गेल्या. आदल्या साली राज्यात सत्याग्रह झाले होते, त्याची धास्ती अजून गेली नव्हती. "मास्टर," ते खाली आवाजात म्हणाले, "बोलने वाले का मैं बंदोबस्त कर सकता. खामोश बैठने वाले का क्या करूँ? पिछले साल लोगाँ ऐसेच बैठे थे. ऊपर जवाब मेरेकू देना पड़ा."

शेवटी परवानगी मिळाली, पण मुचलक्यावर. मास्तरांनी लिहून दिलं की नाटक लिहिल्याबरहुकूम होईल, कसलीही गडबड होणार नाही, आणि झालीच तर रामकिशन वल्द गोविंदराव, मुदर्रिस म्हणजे शाळामास्तर, यांना नोकरीतून काढावं. मास्तरांनी कागद दोनदा वाचला. पण मागं चार खेपा होत्या, पुढं यात्रा होती. केली सही.

द्वारकाबाईंना त्यांनी हे संध्याकाळी सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. "म्हंजे कोनी शिट्टी वाजवली तरी आपली नोकरी गेली?"

"गडबड होनारच न्हाई. गप बसायचं नाटक हाय. गप बसण्यात गडबड कशी होईल?"

"मी सांगून ठेवते. नोकरी गेली तर मी भावाच्या दारात राहाया जाणार न्हाई. गावोगाव फिरून शेवटी कुठं या घराला घराची कळा आली. आन् ती तुमी त्या दूध सांडणाऱ्याच्या पायी घालवू नका." एवढं बोलून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. 

तालीम शाळेच्या अंगणात होई. लालसिंग बत्ती पेटवे, कारण गावातली एकुलती एक गॅसबत्ती त्याचीच होती. एका संध्याकाळी बाजारातून तांड्याकडं परतणारे थावरा आणि पेमा तिथून चालले होते. त्यांनी पाहिलं तर पांढऱ्या कापडावर हातभर लांब नाकाचा माणूस हलतोय, बोलतोय. थावरा जागच्या जागी थांबला. त्यानं एकदा वाशीमला तंबूच्या भोकातून बोलपट पाहिला होता, त्यामुळं या विषयात त्याचा शब्द शेवटचा. "टॉकी," तो म्हणाला. पेमा म्हणाला, "व्हय?" थावरा म्हणाला, "व्हय."

चार दिवसांत सगळ्या मुलखात झालं की गोरेगावात यात्रेला टॉकी येणार. मास्तर नामाजीच्या दुकानात गेले तर नामाजी म्हणाला, "मास्तर, लोक टॉकीची येळ इचारून राहिले. मी सांगितलं, दिवेलागणीला."

"अवो, टॉकी न्हाई ती! नाटक हाय!"

"असू द्या की. शेंगदाणे खपून राहिले."

मास्तर जो भेटेल त्याला सांगत सुटले की टॉकी नाही. लोक मान डोलवत आणि एकमेकांना डोळा घालत. मास्तर एवढं नाही नाही म्हणतात म्हणजे परवाना नसणार, असं सगळ्यांनी समजुतीनं घेतलं आणि कुणापुढं बोलायचं नाही असं ठरवून सगळ्यांना सांगितलं. अमीनसाहेबांनाही कळलं. यात्रेच्या दिवशी दुपारीच ते चार जवान घेऊन घोड्यावरून आले आणि चावडीत उतरले.

दिवेलागणीला शाळेपुढं माणूस मावेना. कनेरगाव नाक्यापासून गाड्या आल्या होत्या. गाडीला बांधलेले बैल, बैलांच्या पुढं बाया, बायांच्या कडेवर लेकरं. अमीनसाहेबांना खुर्ची दिली होती. त्यांच्या डावीकडं पार्वतीबाई आपल्या घोंगडीवर, पदराआड बारीक केलेला कंदील घेऊन. द्वारकाबाई खांबाला धरून उभ्या होत्या, त्यांना बसवत नव्हतं. मास्तरांनी बाकीचे सगळे कंदील मालवायला लावले, कारण अंधार असल्याशिवाय सावली दिसत नाही. कोटाच्या खिशात मुचलक्याची नक्कल होती, आणि ती त्यांना दगडासारखी जड लागत होती.

सुरुवात उत्तम झाली. बत्ती पेटली, पडद्यावर प्रधानाची सावली आली आणि लोकांनी श्वास रोखला. "आली, आली!" थावराचा आवाज आला. विष कालवताना प्रधानाचा नुसता हात दिसला. मास्तरांच्या अंगावर काटा आला. वरणगावकर पाहायला हवे होते, असं त्यांना मनापासून वाटलं.

मग राणी गात आली. मास्तरांनी मुंजाजीला तीनतीनदा बजावलं होतं की तोंड सरळ पडद्याकडं ठेव, काही झालं तरी वळू नकोस. पण राजानं पेला तोंडाला लावला, मुंजाजीचं काळीज भरून आलं, आणि तो राजाकडं वळला. आडव्या सावलीत राणीच्या ओठांवर वीतभर मिशी उगवली, आणि ती टोकाशी पिळलेली होती.

"अगं बाई," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "राणीला मिशा!"

हसण्याची अशी लाट आली की गाड्यांचे बैल उठून उभे राहिले. मुंजाजीला वाटलं आपलं गाणं आवडलं, त्यानं मान आणखी वळवली. मास्तर विंगेत डोकं धरून बसले. पण गडबड नाही, नुसतं हसू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आता राजाचं मरण. आता सगळे गप्प होतील.

आणि खरंच झाले. राजाची सावली बसली. बोलली नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. अमीनसाहेब खुर्चीत पुढं सरकले. पाचव्या मिनिटाला मास्तरांनी खूण केली, लालसिंगनं बत्तीची हवा सोडली. बत्ती सूं करत पिवळी झाली, लाल झाली आणि विझली. काळाकुट्ट अंधार. आता हुंदका येणार, मास्तर मनात म्हणाले.

"मशीन बंद पडलं!" थावरा ओरडला.

तंबूतल्या टॉकीची रीत त्याला ठाऊक होती. मशीन बंद पडलं की शिट्ट्या मारायच्या, ओरडायचं, जमीन बडवायची. त्यानं सुरू केलं, बाकीच्यांनी शिकून घेतलं. "चालू करा! चालू करा!" कुणी पुढं रेटलं, कुणाचं लेकरू रडायला लागलं, एक बैल दावं तोडून गाड्यांमधून निघाला. अमीनसाहेबांची खुर्ची मागं पडली. "कौन है! जवान!" चार काठ्या जमिनीवर आपटल्या.

"लालसिंग, पेटव लवकर!"

"मास्तर, जाळी फुटली बत्तीची."

मास्तर तिथंच बसले. संपलं. त्यांना अंधारात द्वारकाबाई दिसत नव्हत्या, आणि दिसत नव्हत्या तेच बरं होतं.

तेवढ्यात पुढच्या ओळीतून एक खणखणीत आवाज आला. "संतराम!"

पार्वतीबाईंचा आवाज. गर्दी दबकली.

"व्हय, माय," पडद्यामागून उत्तर आलं.

"मेलास का तू?"

"व्हय."

"कवा?"

"आत्ताच. दिवा गेला तवा."

"मला न्हाई दिसलं."

"मास्तर म्हणतात, न्हाई दिसायचं."

म्हातारीनं पदराआडचा कंदील पुढं ओढला. पुढं बोलली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "अकरा सालं मी पाहून राहिले रे. औंदा डोळ्यात पडदा उतरून राहिला, म्होरल्या साली दिसंल न दिसंल. भाइर ये, लेकरा, आन् मर."

विंगेत पाटलांनी चाचपडत मास्तरांचा हात धरला.  "मास्तर," ते कुजबुजले, "जाऊ का?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढून मुचलका गेला. लिहिल्याबरहुकूम. लिहिलं तर होतं की राजा गप्प बसेल, दिवा विझेल, पडदा पडेल. एकदा तोंड दाखवलं की वरणगावकर गेले, आणि नोकरीही गेली. बाहेर म्हातारीनं कंदिलाची वात मोठी केली होती, तेवढाच उजेड.

"जा, पाटील," मास्तर म्हणाले. "मरा."

पाटलांना पडद्याचा शेव सापडेना. अकरा वर्षं मरत आलेला नट थांबतो काय! त्यांनी दोन्ही हात घातले आणि नामाजीच्या हळदीच्या डागापासून खालपर्यंत पडदा टर्रकन फाडला. मुकुट घातलेले, भरजरी शेला पांघरलेले संतराम पाटील कापडातून बाहेर आले, त्यांनी आईच्या हातून कंदील घेतला, तोंडापाशी धरला, आणि असा शाप दिला की मारुतीच्या देवळातली घंटा हलली म्हणतात.

गर्दी बसली, जागच्या जागी. मग थावराचा घोगरा आवाज आला, "आरं बापा! मानूस भाइर आला!"

त्या रात्री पाटील जे मेले ते गोरेगावात कुणी विसरलं नाही. मुंजाजी लुगडं सावरत मागोमाग बाहेर आला आणि मिशीसकट रडला. त्याचा होणारा सासरा बाजूच्या माणसाला म्हणाला, "मिशी शाबूत हाय. शब्दाचा पक्का गडी." पार्वतीबाई ढसाढसा रडली. लोकांनी वन्समोर घेतला, पाटील पुन्हा मेले. आणि तिसऱ्यांदा कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "मुकर्रर! मुकर्रर!" मास्तरांनी विंगेतून डोकावलं तर उर्दूतून वन्समोर मागणारे ते अमीनसाहेब होते, एका जवानाच्या खांद्याला धरून उभे.

पण मास्तरांचा जीव भांड्यात पडला नव्हता. गावानं पाटलांना उचललं, मुंजाजीला उचललं, लालसिंगच्या बत्तीलाही उचललं. मास्तरांकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. उलट थावरा जाता जाता सांगून गेला, "मास्तर, वाशीमच्या टॉकीत मानसं कापडातच राहतात. आपली बेस हाय." हे कौतुक ऐकून मास्तरांना रडावं की हसावं कळेना. आणि सकाळी चावडीत बोलावल्याचा निरोप आला होता.

सकाळी अमीनसाहेब घोड्यावर खोगीर चढवून घेत होते. हातात मुचलका होता. "मास्टर, तमाशा लिखे मुताबिक हुआ?"

खोटं बोलायचं मास्तरांच्या तोंडात आलं होतं, पण निघालं नाही. "जी नहीं."

"लिखे में राजा कितनी बार मरता?"

"एक बार. परदे के पीछे."

"और मरा कितनी बार?"

"जी, तीन. परदे के आगे."

अमीनसाहेब काही बोलेनात. त्यांनी पान लावलं, सुपारी घातली, घोड्याकडं पाहिलं. समोरच्या माणसानं गप्प बसून राहण्यात काय ताकद असते, ती वरणगावकरांची खुबी मास्तरांना त्या घटकेला पुरती कळली. आणि प्रेक्षकाचे काय हाल होतात तेही.

"खामोश कौन बैठा?" अमीनसाहेबांनी एकदम विचारलं.

"जी?"

"मेरी फिकर खामोशी की थी. कौन बैठा खामोश? मैं खुद चिल्लाया!" आणि मेंदीची दाढी हलवत ते इतके हसले की घोडा बिचकला. त्यांनी मुचलका मधोमध फाडला आणि दोन्ही तुकडे मास्तरांच्या हातात दिले. "ऊपर लिख देता मैं. गोरेगाँव में सब लोगाँ बराबर चिल्लाए. अमन है."

मास्तर घराकडं चालत आले की पळत आले, त्यांना आठवत नव्हतं. वाटेत नामाजीनं हाक मारून सल्ला दिला की पुढल्या साली पडदा आधीच थोडा उसवून ठेवा, फाडायला सोपा जाईल. (तेव्हापासून तसंच करतात. दर साली पांढरा पडदा बांधतात, दर साली पाटील तो फाडून बाहेर येतात, आणि बाहेरगावचे लोक विचारतात की ही रीत कुठली, तर गोरेगावकर सांगतात की जुनी.)

दारात आले तेव्हा द्वारकाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. डोळे लाल झाले होते, रात्रभर झोपल्या नव्हत्या. कोपऱ्यात ट्रंक अर्धी भरलेली होती. त्यांनी मान वर केली. मास्तरांना खूप काही सांगायचं होतं. त्यांनी मुचलक्याचे दोन तुकडे नुसते पुढं धरले.

द्वारकाबाईंनी तुकड्यांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

चुलीवर दूध वर आलं. भांड्याच्या काठाशी आलं, फुगलं, आणि चरचरत निखाऱ्यांत उतू गेलं. दोघांनाही ते दिसत होतं.

फडकं द्वारकाबाईंच्या हातातच होतं.